पहिल्या आठवड्यातील तक्रार



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज एका व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. विषय जाहीर झाल्यावर आमच्या युनियनमधल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी मला विचारले, "अहो, पोरांच्या खेळात युनियनचे काय काम?" काम आहे, आणि ते कोणते हे सांगण्यासाठीच मी आपला तासभर वेळ मागून घेतला आहे.

माझी पात्रता आधी सांगून टाकतो. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. कॉम्प्युटरशी माझी ओळख झाली ती मागण्यांचे अर्ज टंकित करण्यापुरती. तेव्हा या खेळांचा जाणकार म्हणून मी येथे उभा नाही. परंतु तीस वर्षे मी एकच धंदा केला आहे, आणि तो म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा. माणूस तक्रार केव्हा करतो, कोणत्या शब्दांत करतो, आणि केव्हा ती गिळून टाकतो, हे मला थोडेफार कळते. नवा खेळ बाजारात आला की पहिल्या आठ दिवसांत खेळणारे जे बोलतात, त्यात स्तुतीइतकीच तक्रारही असते. ती मला एखाद्या गेट सभेतल्या तक्रारीसारखीच ऐकावीशी वाटली.

उदाहरणासाठी एकच खेळ घेतो. त्याचे नाव 'द विचर थ्री: वाइल्ड हंट'. पोलंडच्या वॉर्सा शहरातल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने तो तयार केला, आणि १९ मे २०१५ रोजी, मंगळवारी, तो जगभर एकदम विक्रीला आला. गोष्ट जुनी आहे, आणि ती जुनी आहे म्हणूनच घेतली. पहिल्या आठवड्यात लोक काय म्हणाले आणि त्याचे पुढे काय झाले, हे दोन्ही आज आपल्याला एकत्र पाहता येते.

सभागृहात पांढऱ्या केसांची मंडळी पुष्कळ दिसतात, म्हणून हा खेळ कोणत्या जातीचा ते आधी सांगतो. याला ओपन वर्ल्ड रोल प्लेइंग गेम म्हणतात. पूर्वीचे बहुतेक खेळ आगगाडीसारखे असत. रूळ घातलेले, स्टेशने ठरलेली. गाडी पुढे न्यायची एवढेच आपले काम. हा खेळ जत्रेसारखा आहे. तुम्हाला मोकळ्या मुलखात सोडून दिलेले असते. देवदर्शनाला आलात हे खरे, पण आधी पाळण्यात बसावे, कुस्त्या पाहाव्यात की नुसतेच नदीकाठी हिंडावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आणि तुम्ही स्वतः म्हणून हिंडत नाही. एक सोंग घेऊन हिंडता. वाटेत भेटणारा माणूस प्रश्न विचारतो, त्याला काय उत्तर द्यायचे ते तुम्ही निवडता, आणि त्या उत्तराचे फळ पुढे कधीतरी तुमच्या पदरात पडते.

या खेळातले सोंग मोठे विलक्षण आहे. नायकाचे नाव गेराल्ट. तो राजपुत्र नाही, देवाचा अवतार नाही. राक्षस, पिशाच्चे आणि हिंस्र प्राणी मारणे हा त्याचा पेशा. पाठीवर दोन तलवारी, पोलादी आणि चांदीची. पोलादी माणसांसाठी आणि चांदीची राक्षसांसाठी. गावात शिरला की तो सूचनाफलक वाचतो. फलकावर काम लिहिलेले असते. मग तो गावच्या मुखियाकडे जातो आणि काम हाती घेण्याआधी मजुरीची घासाघीस करतो. फार मागितले तर समोरचा चिडतो, कमी मागितले तर आपलेच नुकसान. गावाला त्याची गरज असते, पण गाव त्याला जवळ करीत नाही; त्याच्या पाठीमागे लोक थुंकतात. मंडळी, हा कंत्राटी कामगार झाला! ज्याच्यावाचून गावाचे चालत नाही आणि ज्याला गावकुसाच्या आत घर मिळत नाही, असा माणूस आपल्या ओळखीचा आहे. त्याला नायक करून पोलंडच्या लोकांनी जगाला विकले, हे मला पहिल्याच दिवशी नवलाचे वाटले.

हे पात्र आंद्झेय सापकोव्स्की या लेखकाचे. त्यांची पहिली विचर-कथा १९८६ साली पोलंडमधल्या 'फान्तास्तिका' मासिकात छापून आली. त्या वेळी तिथे कम्युनिस्ट राजवट होती. ती गेल्यावर, १९९४ साली, मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी सीडी प्रोजेक्ट कंपनी काढली. परदेशी खेळांच्या सीडी आणून विकणे हा त्यांचा सुरुवातीचा व्यवसाय. त्या काळी पोलंडच्या बाजारांत नकली प्रतींचा सुळसुळाट होता. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर ज्याने फेऱ्या मारल्या आहेत त्याला निराळे वर्णन नको. नकली प्रत स्वस्त मिळत असताना खरी प्रत कोण घेईल? या दोघांनी १९९९ साली 'बाल्डर्स गेट' नावाचा मोठा इंग्रजी खेळ नामवंत पोलिश नटांच्या आवाजात, पोलिश भाषेत आणला, आणि लोकांनी तो पैसे देऊन घेतला. स्वभाषेची किंमत बाजारातसुद्धा असते, हे त्यांनी सिद्ध केले. मग त्यांनी स्वतःचा खेळ रचला. विचरचा पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०११ साली. त्याच २०११ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा वॉर्साला आले असता पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यांना दिलेल्या भेटींत हा दुसरा भागही होता. एका खेळाने देशाच्या प्रतिष्ठेत जागा मिळवली होती.

तिसऱ्या भागाची घोषणा २०१३ च्या आरंभी झाली. २०१४ साली येणार म्हणून सांगितलेला खेळ २४ फेब्रुवारी २०१५ वर गेला, आणि तेथून १९ मेवर. वाट पाहणाऱ्यांची अपेक्षा दर महिन्याला वाढत होती. आणि अखेर तो मंगळवार उजाडला.

आता पहिल्या आठवड्यात लोक काय म्हणाले ते पाहू. त्या वेळी आमच्या एका सभासदाचा पुतण्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला होता. एका खोलीत चार पोरे राहत. चौघांनी वर्गणी काढून एक जुने प्लेस्टेशन घेतलेले. दोन-तीन संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून हा खेळ पाहिला, आणि पुढे देशोदेशीच्या समीक्षाही वाचल्या. नवल असे की, वसाहतीतल्या त्या खोलीत आणि लंडन-न्यूयॉर्कच्या पत्रांत बोलणे बरेचसे एकच होते.

स्तुती प्रथम. बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द होता वाऱ्याचा. झाडे वाऱ्याने वाकतात, ढग जमतात, पावसाने रस्ता ओला होतो, संध्याकाळी शेतातली माणसे घराकडे वळतात. खेळाच्या आरंभीच व्हाइट ऑर्चर्ड नावाचे एक खेडे लागते. लढाई नुकतीच होऊन गेलेली आहे, झाडांवर माणसे फाशी दिलेली लटकत आहेत, आणि तशात एक म्हातारी आपला तवा हरवला म्हणून गाऱ्हाणे सांगते. कोणा परक्याने मागून नेला आणि दाराला कुलूप घातले! जग बुडत असताना तिला तव्याची पडली आहे. गेराल्ट दार फोडून तवा काढून देतो. या कामात मोठे बक्षीस नाही, मोठी लढाई नाही. पण हजारो खेळणाऱ्यांना पहिल्या दिवसाचे हेच काम लक्षात राहिले. का राहिले? माझ्या मते कारण सरळ आहे. युद्धाच्या गोष्टींत राजे पुष्कळ असतात, तवे फार थोडे असतात. ज्याने म्हातारीचा तवा घातला त्याने हे जग माणसांचे आहे याची खात्री पटवली.

आता तक्रारी. त्यांची मी माझ्या धंद्याप्रमाणे वर्गवारी केली, आणि त्यांचे चार वर्ग पडले.

पहिला वर्ग वचनभंगाचा. २०१३ साली कंपनीने जे चित्र दाखवले होते ते अधिक देखणे होते, प्रत्यक्ष हातात आलेले चित्र त्याहून फिके आहे, अशी ओरड झाली. लोकांनी जुनी आणि नवी चित्रे शेजारी शेजारी मांडून दाखवली. खुद्द इविन्स्कींना पत्रकारांपुढे येऊन खुलासा करावा लागला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आम्ही फसवले नाही. तेव्हाची रचना एवढ्या मोठ्या मोकळ्या जगात चालेना म्हणून बदलावी लागली. खुलासा पटो वा न पटो, तक्रारीचे स्वरूप ध्यानात घ्या. नमुना दाखवून माल विकला की नमुना हा करार होतो, हे तत्त्व कोणताही कायदा न शिकता त्या पोरांना कळले होते.

दुसरा वर्ग हत्याराचा. गेराल्ट चालताना जडशीळ वळतो. अरुंद दारातून जाताना अडखळतो. घोडी कुंपणाजवळ मख्खपणे उभी राहते. टीव्हीवर अक्षरे इतकी बारीक की वाचवत नाहीत. गोळा केलेल्या वस्तूंचे ओझे इतके की दर थोड्या वेळाने काहीतरी टाकून द्यावे लागते. दलदलीच्या आणि मोठ्या शहराच्या भागात काही यंत्रांवर चित्र अडखळते.

तिसरा वर्ग मोबदल्याचा. या खेळात काम पुरे केले की अनुभवाचे गुण मिळतात, आणि त्यांवर पुढची बढती अवलंबून असते. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः कॉम्प्युटरवर खेळणाऱ्या काहींना, काम पुरे करूनही गुण मिळेनात. केलेल्या कामाची मजुरी बुडाली! यावर जी बोंब उठली ती ऐकून माझ्यातला युनियनवाला सुखावला.

चौथा वर्ग स्थानाचा, म्हणजे या जगात माझी जागा कोठे, असे विचारणारा. एका अमेरिकन समीक्षकाने विचारले की, या एवढ्या मोठ्या मुलखात गोऱ्या कातडीखेरीज माणूस का दिसत नाही, आणि बायकांवर इतका अत्याचार का? पोलिश लोकांचे उत्तर होते की ही आमची स्लाव्ह लोककथा आहे, आमच्यावर परक्यांचे माप लावू नका. त्या वेळी हा वाद चांगलाच पेटला. दोन्ही बाजूंना थोडेथोडे खरे होते. लहान राष्ट्राला आपली गोष्ट आपल्या रंगात सांगण्याचा हक्क आहे. आणि माल जगाला विकायचा असेल तर जगाचा प्रश्न ऐकण्याचे कर्तव्यही आहे.

आता मी मुद्द्यावर येतो. पहिल्या आठवड्यातल्या या मतांची किंमत किती? काही शहाणे म्हणतात, घाईत दिलेले मत ते काय ऐकायचे! मला हे मान्य नाही. कारखान्यातला माझा अनुभव सांगतो. प्रेसवर नवा मुलगा लागला की पहिल्या चार दिवसांत तो म्हणतो, "हे पेडल फार वर आहे, पाय अवघडतो." मुकादम सांगतो, "सवय होईल." तीन महिन्यांनी विचारले तर तो मुलगा म्हणतो, "काही त्रास नाही." त्रास गेलेला नसतो. शरीर वाकडे होऊन पेडलशी जुळलेले असते. आणि कधीतरी तिसऱ्या पाळीच्या अखेरीस, त्या वाकड्या बसण्यामुळेच, हात जागेवर नसतो आणि बोट जाते. सवय ही मोठी दयाळू गोष्ट आहे, पण ती साक्षीदार म्हणून निकामी आहे. यंत्र कोठे बोचते हे नव्या माणसाइतके कोणालाच कळत नाही. म्हणून नव्या माणसाची पहिल्या आठवड्यातली तक्रार वहीत तारीख घालून लिहून ठेवावी, असे मी प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगतो.

परंतु त्या मताला मर्यादाही आहे. याच खेळात पुढे एका सरदाराची कथा येते. दारुडा, बायकोला मारणारा. बायको आणि मुलगी दोघी घर सोडून गेलेल्या. आणि हा त्यांना शोधून आणा म्हणतो. प्रथम त्याचा राग येतो, मग कीव येते, मग पुन्हा राग येतो. मध्ये एका वेगळ्याच ठिकाणी, एका झाडात कोंडलेल्या शक्तीला सोडावे की मारावे, असा निर्णय खेळणाऱ्याला करावा लागतो. आणि त्याचा परिणाम कित्येक तासांनी त्या सरदाराच्या घरावर कोसळतो. काही मुले वाचली तर त्याची बायको जाते. बायको वाचली तर मुले जातात. ज्याने पहिल्या संध्याकाळी खेळ खाली ठेवून निकाल दिला, त्याच्या निकालात हे कोठून येणार? तेव्हा माझा नियम असा: हाताला काय बोचले याविषयी पहिल्या दिवसाचा शब्द प्रमाण मानावा, कृतीचा अर्थ काय झाला याविषयी शेवटच्या दिवसाची वाट पाहावी. पगाराची चूक पहिल्या तारखेला कळते; कराराचा बरेवाईटपणा तीन वर्षांनी कळतो.

त्या तक्रारींचे पुढे काय झाले? कंपनीने सुधारणा काढायला सुरुवात केली. अक्षरे मोठी झाली. बुडालेले गुण मिळण्याची व्यवस्था झाली. दोन महिन्यांच्या आत, जुलै २०१५ मध्ये, चालण्याची दुसरी पद्धत आली, वस्तू ठेवायला पेटी मिळाली, जडीबुटीचे आणि कच्च्या मालाचे वजन धरणे बंद झाले. प्रत्येक सुधारणेबरोबर काय काय दुरुस्त केले याची यादी प्रसिद्ध होत असे. शिवाय सोळा लहान लहान भर विनामूल्य दिल्या गेल्या. पहिल्या दोन आठवड्यांत चाळीस लाख प्रती खपल्या होत्या. २०२३ पर्यंत तो आकडा पाच कोटींच्या वर गेला.

आता त्या खोलीतल्या पुतण्याकडे येतो. त्याने बारीक अक्षरांविषयी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले होते. ते मी वाचले. खाटेपासून टीव्ही सात फूट, टीव्हीची रुंदी अमुक, कोणत्या पानावरची कोणती ओळ वाचता येत नाही, सारे क्रमवार लिहिलेले. आमच्या युनियनचे अर्धे अर्ज इतके नेटके नसतात! मी सहज विचारले, "तुझा पीएफ जमा होतो का रे?" तो म्हणाला, "कापतात दर महिन्याला." "जमा होतो का?" तो गप्प. अकरा महिने पैसे कापले जात होते आणि खात्यात एक पै नव्हती. हे त्याला माहीत होते. मी म्हटले, "अक्षर लहान म्हणून पोलंडला पत्र लिहिलेस, आणि पैसे बुडाले तर शेजारच्या इमारतीत जाऊन विचारले नाहीस?" तो शांतपणे म्हणाला, "काका, तिकडे लिहिले म्हणून कोणी कामावरून काढत नाही."

बंधुभगिनींनो, या वाक्याला उत्तर देणे हे आमच्या चळवळीचे काम आहे. तरुण पिढीला अन्याय कळत नाही, ती मोबाइलमध्ये बुडाली आहे, असे आमचे पुढारी भाषणांत सांगतात. मी म्हणतो, तिला अन्याय उत्तम कळतो. वचनभंग कळतो, वाईट हत्यार कळते, बुडालेली मजुरी कळते. पुरावा गोळा करणे तिला जमते. मग तीच मुले खेळात बोलतात आणि कारखान्यात का गप्प बसतात? मला चार कारणे दिसली. खेळात नियम सर्वांना दिसतील असे उघड असतात. तक्रार करणाऱ्याची भाकरी जात नाही. तक्रार एकट्याची नसते. एकाच वेळी हजारो तोंडे तीच गोष्ट बोलतात. आणि चौथे म्हणजे, उत्तर येते, तारखेनिशी येते, काय दुरुस्त केले याची यादी येते. उघड नियम, निर्भय तक्रार, एकजूट, आणि लेखी उत्तर. मंडळी, चांगली युनियन याहून निराळे काय देते? ज्या ठिकाणी या चार गोष्टी आहेत तेथे माणसाला वाचा फुटते. जेथे नाहीत तेथे तो मुका होतो, आणि मग आपण त्यालाच बेफिकीर म्हणतो.

येथे माझे व्याख्यान संपले असते तर सोपे झाले असते. पण या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगणे मला शोभणार नाही. दोन महिन्यांत ज्या सुधारणा आल्या त्या कोणी केल्या? हा खेळ घडवण्यासाठी कंपनीतले सुमारे २४० लोक खपले, आणि जगभरचे सारे हात धरले तर सुमारे १५००. खर्च आठ कोटी डॉलरच्या घरात. या उद्योगात एक शब्द रूढ आहे, क्रंच. आपल्या भाषेत सांगायचे तर तारीख गाठण्यासाठी महिनोन् महिने रात्रंदिवस चालणारा ओव्हरटाइम. तिकडे खेळणारा म्हणतो, आणखी उशीर नको. इकडे कोणीतरी रात्री घरी जात नाही. २०१७ साली या कंपनीतल्या कामाच्या ताणाविषयी जाहीर बोलले जाऊ लागले. मे २०१९ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी पत्रकारांना सांगितले की, यापुढे जादा काम सक्तीचे असणार नाही, आम्ही अधिक माणुसकीने वागू. सप्टेंबर २०२० मध्ये, 'सायबरपंक २०७७' या पुढच्या खेळाच्या वेळी, आठवड्याचे सहा दिवस कामाचा हुकूम निघाला. तो खेळ १० डिसेंबर २०२० रोजी इतक्या दोषांसह बाहेर आला की सोनी कंपनीने आठ दिवसांच्या आत तो आपल्या दुकानातून काढून घेतला. ओव्हरटाइमने तारीख गाठता येते, माल चांगला करता येतो असे नाही, हे आमच्या कोणत्याही फिटरने त्यांना फुकट सांगितले असते.

लेखकाचीही कथा ऐका. सापकोव्स्कींनी आपल्या पात्राचे खेळाचे हक्क पूर्वीच ठोक रकमेला विकले होते. नफ्यात वाटा देऊ करण्यात आला तेव्हा त्यांनी तो नाकारून रोख रक्कम घेतली, असे त्यांनीच २०१७ साली एका मुलाखतीत सांगितले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी कंपनीकडे किमान सहा कोटी झ्लॉटींची मागणी केली. आधार होता पोलंडच्या स्वामित्वहक्क कायद्याचा. लेखकाला मिळालेला मोबदला आणि विकत घेणाऱ्याचा लाभ यांत ढोबळ विषमता असेल तर लेखकाला वाढ मागता येते, असे त्या कायद्यात कलम आहे. डिसेंबर २०१९ मध्ये दोघांत नवा करार झाला. सही केली म्हणजे सारे संपले, असे त्या देशाचा कायदा मानत नाही. आपल्याकडच्या गरजेपोटी सही करणाऱ्या प्रत्येकाने हे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि मग २०२३. जुलै महिन्यात कंपनीने जाहीर केले की सुमारे शंभर माणसे, म्हणजे एकूण नोकरांपैकी नऊ टक्के, कमी केली जातील. ज्यांनी लाखो लोकांच्या तक्रारी वाचून दुरुस्त केल्या, त्यांना स्वतःची तक्रार मांडायला जागाच नव्हती. त्याच वर्षी त्यांनी पोलंडमधल्या खेळ-कामगारांची युनियन स्थापन केली आणि ती 'इनित्सियातिव्हा प्रात्सोव्हनिचा' या कामगार संघटनेशी जोडली. अमेरिकेत पुढच्याच वर्षी, २०२४ च्या जुलैत, अशाच मोकळ्या मुलखाचे 'स्कायरिम'सारखे खेळ करणाऱ्या बेथेस्डा गेम स्टुडिओजचे २४१ कामगार युनियनमध्ये आले. हा धंदा आपल्याला फार दूरचा आहे असे समजू नका. पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ सालीच सुरू झाला. खुर्चीवर बसून काम करणारा तो कामगार नव्हे, हा भ्रम वॉर्सात मोडायला वीस-पंचवीस वर्षे लागली. आपल्याकडे तितकी लागू नयेत.

तर मग आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवतो.

जे खेळतात त्यांनी पहिल्या आठवड्यात जरूर बोलावे, नेमके बोलावे, पण शिव्या देऊ नयेत. तुमच्या शिवीचे पत्र मालक वाचत नाही. ते रात्रपाळीला बसलेला एखादा सत्तावीस वर्षांचा मुलगा वाचतो. आणि तारीख पुढे गेली म्हणून ओरडण्यापूर्वी विचारावे की, ही तारीख कोणाच्या झोपेतून काढली होती?

जे पालक आहेत त्यांनी मूल खेळत असताना एकदा शेजारी बसावे. तुला यात काय आवडले, काय खटकले, असे विचारावे. त्याचे उत्तर ऐकले तर आपल्या घरात एक न्यायबुद्धीचा माणूस वाढतो आहे हे कदाचित कळेल. त्याच बुद्धीने वेतनचिठ्ठी वाचायला त्याला शिकवावे.

आणि जे माझ्यासारखे संघटना चालवतात त्यांना माझी विनंती अशी की, आपल्या कचेरीत नव्या सभासदासाठी एक वही ठेवा. कामावर लागून आठ दिवस झाले की त्याला बसवा, चहा द्या, आणि विचारा: काय बोचते? तो सांगेल ते तारखेसह लिहा. त्याचे नाव मालकाला कळू देऊ नका. तीच तक्रार आणखी कितीजणांची आहे ते पाहा. आणि महिन्याअखेर, काय सुटले आणि काय राहिले, याची यादी फलकावर लावा. राहिलेलेही लपवू नका. आम्ही हे करू लागलो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत आमच्याकडे जेवढी तरुण मुले आली तेवढी त्याआधीच्या पाच वर्षांत आली नव्हती. त्या पुतण्याच्या पीएफचे अकरा महिने एकट्याच्या पत्राने जमा झाले नाहीत. त्या कंत्राटदाराकडचे त्रेचाळीस जण एकाच कागदावर सही करून एकाच सकाळी उभे राहिले, तेव्हा जमा झाले.

माणसाला बोलता येत नाही असे कधीच नसते. बोलल्यावर काय होते याचा त्याने अनुभव घेतलेला असतो, आणि त्यावरून तो तोंड उघडावे की मिटावे हे ठरवतो. खेळाने या मुलांना एक चांगला अनुभव दिला. दुसरा आपण द्यायचा आहे.